जुन्या दफनभूमीचं स्मृतिउद्यान : आराखडा मांडतोय, बिनधास्त चिरफाड करा

रेघोट्या · रविवार, रात्री १०.४०

एरवी मी इथं वाचनमात्र असतो, पण या कामात एकट्याचं डोकं चालेना म्हणून धागा काढतोय.

कोल्हापुरात ब्रिटिश अमदानीतली एक दफनभूमी आहे. नाव मुद्दाम देत नाही. गेल्या वर्षी कुणीतरी रात्री तिथं 'भुताचा शोध' म्हणून रील काढली आणि पुढचे दोन महिने टोळकी भिंतीवरून उड्या मारत होती. ज्यांना जागा ओळखू येईल त्यांनीही कृपया प्रतिसादात लिहू नका.

साधारण पाऊण एकर. भोवती काळ्या दगडाची भिंत, एका बाजूनं ढासळलेली. वाचता येतील अशा साठेक कबरी. दोन मोठ्या, चौथऱ्यावर घुमटी असलेल्या. बाकी जमिनीलगतच्या शिळा, काही फुटलेल्या, काही घाणेरीच्या जाळीत गडप. पिंपळानं एका घुमटीचा एक कोपरा उचललाय. अमावस्येनंतर गेलं की लिंबं-नारळ, एरवी गेलं की बाटल्या.

आसपासच्या लोकांना तिथं बाग हवी आहे. काही जाणत्या मंडळींनी पुढाकार घेतला आणि आराखडा माझ्याकडे आला. (मानधन सध्या मिसळीच्या स्वरूपात.) विचार असा : भिंतीच्या कडेनं चार फुटी पायवाट, मध्ये हिरवळ, बसायला बाकडी. सुट्या झालेल्या शिळा एका नव्या 'स्मृतिभिंती'त बसवायच्या. ईशान्य कोपऱ्यात कबरी नाहीत, तिथं मुलांसाठी खेळणी आणि ओपन जिम. संध्याकाळी दिवे. सकाळ-संध्याकाळ उघडं, रात्री कुलूप.

काय चुकतंय सांगा.

---

तिकटीवरचा · रविवार, रात्री ११.०५

आरं वा. साहेब खाली झोपलाय, वर आमचा गण्या डंबेल्स मारतोय. विषय हार्ड!

गंमत सोडा. मोकळी जागा मिळत्या तर करा की. पेठेत पोरांस्नी खेळायला गल्ली बी उरली नाही, तिथं बी गाड्या लावल्यात.

---

सकाळचा फेरफटका · सोमवार, सकाळी ७.१५

पूर्ण पाठिंबा. रंकाळ्यावर सकाळी पाय ठेवायला जागा नसते. आमच्या भागातल्या बायकांना अंधार पडल्यावर त्या भिंतीजवळून जायला नको वाटतं. दिवे लागले, चार माणसं येऊ-जाऊ लागली की निम्मे प्रश्न तिथंच मिटतील. उगाच 'वारसा' म्हणून कुलूप घालून ठेवलं तर पुढच्या वीस वर्षांत भिंतीचे दगडही राहणार नाहीत. वापर असेल तरच जागा टिकते.

---

छन्नी · सोमवार, दुपारी १.३०

तुमच्या 'स्मृतिभिंती'ला माझा विरोध आहे. दगडाचं काम पिढीजात आहे आमचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिळा भिंतीत बसवायची म्हणजे आजचा गवंडी काय करणार? मागं सिमेंट थापणार. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही आणि त्यातले क्षार दगडात उतरतात. काळा दगड सोसेल थोडं, संगमरवर नाही सोसणार. चार-पाच पावसाळ्यांत अक्षरावरची साल पापडासारखी सुटायला लागते. शिवाय एकदा सिमेंटात गेलेली शिळा परत अखंड निघत नाही, फोडूनच काढावी लागते.

ढासळलेली भिंत आणि घुमटी चुन्यातच करा. चुना मळायला वेळ द्या, घाईत मळलेला चुना सिमेंटाहून वाईट. पिंपळ उपटू नका! मूळ ओढलं की दगड सोबत येतो. वरून छाटा, बुंध्यावर औषध करा, मुळं आत वाळू द्या, मग जोड भरा.

आणि हात जोडून सांगतो, साफसफाईच्या उत्साहात तारेचा ब्रश आणि ॲसिड कुणाच्या हातात देऊ नका. एका गावी देवळाच्या जीर्णोद्धारात मी ते बघितलंय. दोनशे वर्षांचा शिलालेख एका दुपारी गुळगुळीत झाला, आणि करणारे म्हणत होते, "बघा कसा चकाचक निघाला." साधं पाणी, मऊ ब्रश, बास. अक्षर दिसत नसेल तर खडू किंवा राख घासू नका. ऊन तिरकं असताना जा, सकाळी लवकर. नाहीतर आरसा घेऊन बाजूनं उजेड पाडा. पुसट खोदकामाची सावली पडते आणि अक्षर उठून येतं. फोटोही तसेच काढा.

---

माई बावडेकर · सोमवार, दुपारी ४.५०

छन्नी यांच्या प्रतिसादाला दुजोरा. आता माझा विषय.

हिरवळ नको रे बाबा. ती जगवायला उन्हाळाभर रोज पाणी मारणार, आणि शेजारच्या दगडांच्या बुडाशी बारमाही ओल राहणार. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जे गवत आपोआप उगवतं ते उगवू दे. गाजरगवत आणि घाणेरी तेवढी काढा. श्रावण-भाद्रपदात तेरडा फुलला की तुमच्या विकतच्या हिरवळीपेक्षा देखणं दिसेल. दिवाळीनंतर विळ्यानं कापून घ्या. विळ्यानंच, यंत्रानं नको. यंत्राच्या पात्यानं उडालेला खडा शिळेवर बसतो.

दुसरं, हौसेनं वृक्षारोपण ठेवू नका. रोपासाठी तीन फुटी खड्डे खणतात. दफनभूमीत तीन फूट खणणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला हवं का?

पांढरा चाफा असेलच तिथं, जुन्या दफनभूमीत असतोच. मूळचा अमेरिकेतला, पण आता आपल्या देवळांत आणि दर्ग्यांत सारखाच रुळलाय. तो राहू दे.

---

पाणीपातळी · सोमवार, रात्री ९.२०

जागा पूररेषेत नाही ना? पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांवर गेली की धोक्याची पातळी, आणि २०१९ आणि २०२१ ला ती ५५ च्या वर गेली होती. त्या पुरांत नदीकाठची स्मशानभूमीही पाण्यात गेली.

बाकी उताराची दिशा तपासा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, शिळा कलंडतात त्या बऱ्याचदा यामुळेच. पाणी वळवायला चर खणू नका, वरच्या वर उथळ उतार द्या. दिव्यांच्या वायरीही जमिनीत पुरायच्या नाहीत, भिंतीवरून न्या.

कायद्याचं एक लक्षात ठेवा. दफनाच्या जागेत भावना दुखावण्याच्या हेतूनं घुसणं किंवा विटंबना करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २९७ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ३०१. तुमचा हेतू चांगलाच आहे, पण जेसीबीवाल्याला हेतू माहीत नसतो.

---

रेघोट्या · सोमवार, रात्री ९.५८

पूररेषेत नाही, जागा उंचावर आहे. हिरवळ रद्द, वायरी भिंतीवरून. स्मृतिभिंत सोडवत नाहीये अजून. सुट्या शिळा ठेवायच्या कुठं?

---

परागंदा · मंगळवार, सकाळी ६.१०

मी सध्या सिंगापूरला. इथं फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर १९व्या शतकातली जुनी ख्रिस्ती दफनभूमी होती. १९७० च्या दशकात तिचं सपाट हिरवं मैदान केलं आणि निवडक शिळा भोवतालच्या विटांच्या भिंतीत बसवल्या. म्हणजे रेघोट्या यांची कल्पना अगदी तशीच तिथं झालेली आहे. आता त्या मैदानावर मैफली होतात, लोक चटया टाकून पडतात. दिसायला सुरेख.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीवरची नावं वाचत फिरलो. तान्ही मुलं, खलाशी, ऐन पंचविशीतले कारकून. मग मागं वळून मैदानाकडं बघितलं आणि कळेना की यातलं कोण कुठं होतं. पुस्तकाचं मुखपृष्ठ ठेवून पानं रद्दीत दिल्यासारखं वाटलं. वाईट झालंय असं म्हणत नाही मी, दाटीच्या शहराला दुसरा मार्ग नसेलही. पण पाऊण एकरासाठी आपल्याला ती घाई आहे का?

उलट उदाहरण कोलकात्याचं. साउथ पार्क स्ट्रीटची दफनभूमी १७६७ ला सुरू झाली. कबरी जागच्या जागी ठेवून डागडुजी केलीय. आत मनोरे, घुमट, दाट सावली. लोक तिकीट काढून येतात, कॉलेजची पोरं चित्रं काढत बसतात. तिथं ओपन जिम नाही म्हणून कुणाचं अडलेलं दिसलं नाही.

---

फिरस्ती · मंगळवार, सकाळी ११.३५

कोल्हापूरकरांनी या विषयावर बोलताना फ्लॉरेन्स विसरायचं नाही.

आपले छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) युरोपच्या दौऱ्यावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्सला वारले. वय वीस. अंत्यसंस्कार आपल्या रीतीनं, आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर झाले. त्या शहराला दहनाची सवय नव्हती, तरी परवानगी मिळाली. १८७४ ला तिथं छत्री उभी राहिली, खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. पुतळा फुलर या शिल्पकाराचा आणि छत्रीची आखणी चार्ल्स मँटची. हो, तोच मँट, ज्यानं आपला टाउन हॉल आणि न्यू पॅलेस आखला. आज ती छत्री कॅशिने नावाच्या सार्वजनिक बागेच्या टोकाला आहे. लोक सायकली चालवतात, कुत्री फिरवतात.

म्हणजे परमुलखात आपल्या राजाची छत्री त्यांनी दीडशे वर्षं सांभाळली. त्यांची माणसं आपल्याकडे आहेत तर आपण हात आखडता का घ्यावा?

---

तिकटीवरचा · मंगळवार, दुपारी १२.१०

नाद खुळा माहिती! पण एक शंका. तिथल्या लोकांस्नी ठाऊक आहे का महाराज कोण ते?

---

फिरस्ती · मंगळवार, दुपारी १२.४०

खरं सांगू? फारसं नाही. त्या जागेला 'इंदियानो', म्हणजे 'भारतीय', एवढंच म्हणतात. जवळच्या पुलालाही तेच नाव. मी एका आजोबांना विचारलं तर म्हणाले, "कुणी राजपुत्र होता." कोल्हापूर शब्द मीच उच्चारला. छत्री मात्र शाबूत आहे, एवढं समाधान.

---

छन्नी · मंगळवार, दुपारी १.०५

मग तर आपल्याकडचं बरं. नर्सरी बागेत शाहू महाराजांची समाधी आहे, तिथं कोण आहेत हे पोरासोरांनाही सांगावं लागत नाही. बागेत समाधी हे कोल्हापूरला नवं नाहीच. पंचगंगेच्या घाटावर तर आम्ही लहानपणी पोहून आलो की समाधी मंदिरांच्या कट्ट्यावर अंग वाळवत बसायचो. कुणी हाकललं नाही, आणि आम्ही एक दगड हलवला नाही. (एकदा एकानं कोळशानं नाव लिहिलं होतं. वस्तादानं त्याच्याकडून पूर्ण कट्टा धुऊन घेतला.)

---

अनुग्रह · मंगळवार, रात्री ११.५०

लिहावं की नको, दोन दिवस ठरत नव्हतं.

रेघोट्या, तुम्ही म्हणता ईशान्य कोपऱ्यात कबरी नाहीत. माझी पणजी तिथं आहे.

सगळे त्या जागेला 'गोऱ्यांची' म्हणतात. पण अमेरिकन मिशन कोल्हापुरात १८५२ पासून आहे. रॉयल वाइल्डर आले, शाळा निघाल्या, त्यानंतर इथलीच काही घरं ख्रिस्ती झाली. आमचं त्यातलं एक. आमच्या घरात सांगतात, की आपल्या माणसांना साहेबांच्या शिळांपासून लांबचा, मागचा कोपरा मिळाला. शिळा घडवायला पैसे कुणाकडे होते? नदीतला मोठा गोटा डोक्याशी ठेवायचा आणि लाकडी क्रूस रोवायचा. क्रूस वाळवीनं खाल्ले. गोटे कुणी चुलीला नेले, कुणी गोठ्याला. दगड गेले, माणसं तिथंच आहेत. प्लेगात गेलेली, त्यानंतर १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत गेलेली. त्या साथींत एकेका आठवड्यात किती जणांना नेलं, याच्या गोष्टी आमच्याकडे आहेत, त्या इथं नको.

पणजी मानमोडीत गेली. आजी तेव्हा चार वर्षांची. तिला आईचा चेहरा आठवत नव्हता, जागा आठवत होती. कारण तिच्या वडिलांनी तिला दरवर्षी नेऊन दाखवली. पुढं ती मला न्यायची, ईस्टरच्या आदल्या दिवशी. फाटकातून आत गेली की चप्पल काढायची. कोपऱ्यातल्या भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि सात पावलं मोजायची. सातव्या पावलाला खाली बसून हातानं माती सारखी करायची. बोलायची काही नाही. एकदा मी विचारलं, नेमकी हीच जागा कशावरून? तर म्हणाली, "माझी पावलं चुकत नाहीत."

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. मी अजून जातो, सात पावलं मोजतो. पण मी सहा फूट उंच आहे, आणि ती माझ्या खांद्यालाही लागत नव्हती. माझं सातवं पाऊल तिच्या कितव्या पावलावर पडतं, मला माहीत नाही.

म्हणून कुठला एक चौकोन आखून 'एवढा सोडा' असं मला सांगता येत नाही. आमच्यासारखी आणखी दहा-बारा घरं असतील. त्यातली काही आता पुण्या-मुंबईला.

---

तिकटीवरचा · बुधवार, सकाळी ६.३०

भावा, वर गण्याचं आणि डंबेल्सचं जे लिहिलंय ते मागं घेतो. संपादकांनी उडवलं तरी चालंल.

---

रेघोट्या · बुधवार, सकाळी ९.१५

अनुग्रह, माफी मागतो. चूक कुठं झाली तेही सांगतो. मोजणी करताना आम्ही दिसतील त्या शिळांना नंबर दिले. जिथं नंबर नाही तिथं नकाशा पांढरा राहिला, आणि पांढरी जागा दिसली की आमच्या धंद्यातल्या माणसाचा हात शिवशिवतो. दगड नाही म्हणजे माणूस नाही, असं मीच धरून चाललो होतो.

ओपन जिम आणि खेळणी गेली. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

---

सकाळचा फेरफटका · बुधवार, सकाळी १०.४०

अनुग्रह यांचं वाचून मलाही भरून आलं. तरी वाईटपणा घेऊन विचारते. हिरवळ नाही, झाडं नाहीत, खेळणी नाहीत. मग आसपासच्या लोकांनी वर्गणी कशासाठी काढायची? उद्या उत्साह ओसरला की परत घाणेरी आणि बाटल्या. पणजीच्या जागेवर बाटल्या चालतील का?

---

अनुग्रह · बुधवार, दुपारी २.२०

ताई, बाटल्या मीच उचलतो हो, दरवर्षी पोतं भरून.

कुलूप घाला असं मी म्हणतच नाही. बायका सकाळी चालायला आल्या तर मला आवडेल. आजीला एकटीनं यायची भीती वाटायची, म्हणून तर मला न्यायची. पायवाट त्या कोपऱ्याच्या कडेपर्यंत आणा. खणू नका, दोऱ्या बांधू नका, 'प्रवेश निषिद्ध' असली पाटी नको. कडेला एक बाकडं ठेवा, कोपऱ्याकडं तोंड करून. आजी मातीत बसायची, उठताना गुडघे धरायची.

---

पाणीपातळी · बुधवार, रात्री ८.०५

तांत्रिक बाजू. जमिनीत न खणता आत काय आहे याचा अंदाज देणारं रडार असतं, हातगाडीसारखं ढकलत नेतात. पण आपल्या काळ्या चिकण मातीत त्याचा संकेत लवकर विरतो, उन्हाळ्यात कोरडी असताना केलं तर थोडंफार दिसेल. माझं मत : कोपरा सगळाच भरलेला धरा आणि तो खर्च भिंतीवर करा. पायवाट मुरुमाची, जमिनीवर पसरलेली. रोलर नको, हातानं धुम्मस.

ताईंच्या मुद्द्याला उत्तर म्हणजे पगारी माणूस. बागेवरचा नव्हे, राखणीचा. कोलकात्याला बाग टिकली ती तिकिटाच्या खिडकीत माणूस बसतो म्हणून.

---

परागंदा · बुधवार, रात्री ९.३०

नोंदींसाठी एक धागादोरा. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या दफन-नोंदींच्या प्रती त्या काळी लंडनला पाठवल्या जात, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींच्या याद्या करणारी 'बॅक्सा' नावाची संस्था १९७६ पासून काम करते. साहेबांची नावं तिथून जुळवता येतील. मागच्या कोपऱ्यातली नावं मिळण्याची आशा तिथं कमी. त्यासाठी इथल्या चर्चच्या मंडळ्यांची जुनी रजिस्टरं आणि घरातल्या बायबलची पहिली पानं बघायला हवीत. जुन्या घरांत जन्म-मृत्यू तिथंच लिहून ठेवत.

---

अनुग्रह · बुधवार, रात्री १०.१०

आमच्या बायबलात आहे. मोडी लिपीत. मला वाचता येत नाही.

---

माई बावडेकर · बुधवार, रात्री १०.१६

मला येते. फोटो पाठव. पानाला चिकटपट्टी लावू नकोस फक्त.

---

रेघोट्या · गुरुवार, रात्री ११.२०

सुधारित आराखडा थोडक्यात. स्मृतिभिंत रद्द. सुट्या शिळांपैकी ज्यांची जागा खुणेवरून कळते त्या परत तिथंच, बाकीच्या दगडी ठोकळ्यांवर आडव्या ठेवायच्या, खाली हवा खेळती राहील अशा. मुरुमाची पायवाट. ईशान्य कोपरा जसा आहे तसा, कडेला बाकडं. सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी चार ते सात उघडं. राखणदाराच्या पगारावर घोडं अडलंय. ताईंच्या गटानं महिन्याची वर्गणी गोळा करायची तयारी दाखवलीय, पण दिवे आधी लागायला हवेत अशी अट आहे. अट रास्त आहे.

हे सगळं करण्याआधी प्रत्येक शिळेचा फोटो आणि मजकूर उतरून घ्यायचा. रविवारी सकाळी साडेसहाला जमतोय. मऊ ब्रश, पाण्याचे कॅन, वही. माईंनी बायबलातलं पान वाचून दिलंय, काय लिहिलंय ते अनुग्रह यांना वाटलं तर ते सांगतील.

मोठा आरसा लागेल. माझ्याकडचा हातभर आहे, पुरणार नाही.

---

तिकटीवरचा · गुरुवार, रात्री ११.३१

आरसा मी आणतो. कपाटाचा हाय, निघतो. बायकोला अजून सांगितलं नाही.

---

छन्नी · गुरुवार, रात्री ११.४०

परत बसवायला मी येतो. चुन्यात नको, स्क्रूनं.